आजोबांच्या नावाची एक ओळ

सोलापुरात सात रस्त्याला राहणाऱ्या माणसाला जून महिना आल्याचं कॅलेंडरवरून कळत नाही. ते कळतं झेरॉक्सच्या दुकानापुढच्या गर्दीवरून. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. बापाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाइल, आणि फाइलीत घरातल्या जिवंत-मेलेल्या सगळ्यांचे कागद. मुलगी शेजारी गप्प उभी. दुकानदार पोरगेलासा असतो, पण त्याला सगळं पाठ असतं. तो विचारतो, ‘काका, आजोबांचं काही आहे का? शाळेचा दाखला? जन्माचा उतारा? मृत्यूचा?’

माझ्या नातीच्या वेळी हाच प्रश्न मला विचारला गेला. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, दाखल्यांवर हजारो सह्या केल्या, आणि त्या पोरापुढे मला काही सांगता येईना. माझे आजोबा शाळेत कधी गेलेच नव्हते.

आम्ही पद्मशाली. सोलापुरात बोलताना पद्मसाळी म्हणतात. मूळचे तेलंगणातले विणकर. महाराष्ट्रात आमचा समावेश विशेष मागास प्रवर्गात होतो, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी आपले पूर्वज या राज्यात राहत होते, हे दाखवावं लागतं. इतर मागासवर्गीयांना हीच तारीख लागू आहे. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. या तारखा सोलापुरातल्या कितीतरी घरांत लग्नाच्या तारखांपेक्षा जास्त पाठ असतात. त्यातही कागद जितका जुना तितकं त्याचं वजन अधिक. म्हणून माणूस बापावरून आजोबांवर जातो आणि आजोबांवरून पणजोबांवर.

पूर्वी कुळाचा इतिहास शोधणं हे सवडीचं काम होतं. पेन्शनीत निघालेली मंडळी कुलवृत्तांत लिहीत. विसाव्या शतकात कोकणस्थांच्या कितीतरी घराण्यांचे असे जाडजूड ग्रंथ निघाले. सनदा, इनामाची पत्रं, जुनी दप्तरं हाताशी असली की ते जमतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुन्या वाड्यांतली दप्तरं शोधत, ती अशाच घरांतून मिळत. विणकराच्या घरात दप्तर कुठलं? आमचा कुलवृत्तांत जात पडताळणीच्या फाइलीत लिहिला जातो, तोही प्रवेशाची शेवटची तारीख आठ दिवसांवर आल्यावर.

कागद नव्हता, पण आमच्याकडे एक गोष्ट होती. ती आमच्या अव्वाची. अव्वा म्हणजे आजी, वडिलांची आई. सोलापुरातल्या तेलुगू घरांत आजीला अव्वा म्हणतात आणि वडिलांना नायना. मी नऊ-दहा वर्षांचा असताना, म्हणजे १९५६-५७ च्या सुमाराला, ती मला सांगायची, ‘आपली माणसं धाताच्या करुवात आली.’ करुवु म्हणजे दुष्काळ. ही गोष्ट तिला तिच्या सासूने सांगितलेली. सासू तेव्हा लहान होती, नुकतं लग्न झालेलं. मागाचं सामान डोक्यावर घेऊन माणसं चालत निघाली, वाटेत सासूची एक नणंद गेली, आणि सोलापूर आलं तेव्हा सगळ्यांत आधी त्यांना दिसला तो धूर. कसला धूर, ते अव्वा सांगत नसे. मला ‘धाता’ हे कुणा माणसाचं नाव वाटायचं. कुणीतरी धाता नावाचा सावकार असेल, त्याच्यापायी दुष्काळ पडला असेल, अशी माझी समजूत.

अव्वा १९६८ साली गेली. ‘धाता’चा उलगडा मला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला, आणि तो घरातल्याच पंचांगात होता. पंचांगातल्या साठ संवत्सरांतलं दहावं नाव धाता. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद असं मोजत गेलं की दहावं. शके १७९८ हे धाता संवत्सर. म्हणजे मार्च १८७६ ते मार्च १८७७. त्याच पावसाळ्यात पाऊस गेला आणि दख्खनचा मोठा दुष्काळ पडला. तेलुगू मुलखात त्याला संवत्सराच्या नावाने ओळखलं गेलं. आपल्याकडे आपण ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतो, तसंच ते. म्हणजे माझ्या न शिकलेल्या आजीने मला सन सांगून ठेवला होता. तो वाचायला मला तीस वर्षं लागली.

पण संवत्सरात एक खोच असते. साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. धाता १८७६ ला आहे तसं त्याच्या आधी १८१६ लाही आहे. आणि इथे आमच्या घरात दोन पक्ष पडले. माझे चिन्नायना, म्हणजे धाकटे चुलते, यांचं ठाम मत होतं की आपल्याला पेशव्यांनी बोलावून आणलं. चांगले विणकर होतो म्हणून मानाने आणलं, जागा दिली. सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी १८१८ साली घेतला. त्याआधी दोन वर्षं धाता संवत्सर होतं. चिन्नायनांना हे कळलं असतं तर त्यांना किती आनंद झाला असता! ते गेल्यावर त्यांच्या मुलाला मी ते सांगितलं, आणि ती चूकच झाली.

मी साधा हिशोब केला. अव्वाचं लग्न १९०८ च्या आसपास झालं. तेव्हा तिची सासू चांगली हिंडती-फिरती होती, भांडी घासत होती, सुनेला धाकात ठेवत होती. ती जर १८१६ साली नुकतं लग्न झालेली मुलगी असती तर १९०८ साली तिचं वय शंभर झालं असतं. १८७६ धरलं तर चाळीस-बेचाळीस. सासू म्हणून हे वय शोभतं. असल्या शोधात पिढ्यांचा हिशोब फार उपयोगी पडतो, त्याला कागद लागत नाही. एका पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरायची आणि गोष्ट बसते का ते बघायचं. बहुतेक घरांतले ‘शिवाजी महाराजांच्या वेळचे’ पणजोबा या हिशोबात टिकत नाहीत.

तरीही एक गोष्ट मला सतावत राहिली. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा फार होरपळला होता. इथली माणसंच घरं सोडून निजामाच्या हद्दीकडे चालली होती. मग आमची माणसं उलट्या दिशेने सोलापूरला का आली? मी जो अंदाज केला तो अंदाज म्हणूनच सांगतो. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये आली होती. धान्य आलं तर आधी स्टेशनाच्या गावात येणार. आणि १८७७ साली सोलापूरची पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला पुढे सगळं गाव ‘जुनी गिरणी’ म्हणू लागलं. गिरणी आली म्हणजे गावात सूत आलं, हातमागवाल्याला काम आलं. मग तो धूर गिरणीच्या धुराड्याचा असेल का? तसा असेल तर ती मंडळी दुष्काळाच्या वर्षी निघाली आणि वर्ष-दीड वर्षाने पोचली. नलगोंडा-वरंगळकडून इथवर पायी येताना वाटेत राबत, थांबत येणाऱ्याला इतका वेळ सहज लागेल. पण हे सिद्ध होत नाही. धूर आगगाडीचाही असेल.

आता कागदाकडे वळतो. नायना शाळेत दोन वर्षं गेले होते. ती नोंद मिळाली. मिळाली म्हणजे काय झालं ते ऐका. रजिस्टरमध्ये त्यांचं नाव सापडेना. शेवटी सापडलं ते उलटं. तेलुगू माणसात घराचं नाव आधी येतं आणि माणसाचं नाव नंतर. आपल्या माजी राष्ट्रपतींचं नाव सर्वेपल्ली राधाकृष्णन. यात सर्वेपल्ली हे घराण्याचं नाव, गावावरून पडलेलं, आणि राधाकृष्णन हे त्यांचं स्वतःचं. ते जर लहानपणी सोलापुरातल्या मराठी शाळेत आले असते तर गुरुजींनी लिहिलं असतं, मुलाचं नाव सर्वेपल्ली, आडनाव राधाकृष्णन. माझ्या वडिलांचं नेमकं हेच झालं होतं. शाळेच्या दप्तरात एक मुलगा होता, आणि तो माझा बाप नव्हता! आणि जातीच्या रकान्यात लिहिलं होतं ‘तेलंग’. तेलंग ही काही आमची जात नाही. तेलंगणातून आलेला तो तेलंग, एवढाच त्याचा अर्थ.

हे लिहिणाऱ्या गुरुजींवर मला रागावता आलं नाही, कारण तेच काम मी केलं आहे. १९६८ साली मी शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत लागलो. जूनमध्ये वर्गात पंचवीस-तीस आया यायच्या, बहुतेक विडीकाम करणाऱ्या, घाईत असलेल्या. आम्ही विचारायचो, जन्मतारीख? ती म्हणायची, ‘गड्ड्याच्या यात्रेत झाला, नंदीध्वज निघाले त्या दिवशी.’ सिद्धेश्वराची गड्डा यात्रा मकरसंक्रांतीला, म्हणजे जानेवारीत. बाईने महिनाच काय, दिवस सांगितला होता. आणि आम्ही काय लिहायचो? १ जून. कारण १ जूनला सहा वर्षं पूर्ण दाखवली की प्रवेशाचा प्रश्न मिटत असे. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाची निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत, त्यात माझा हातभार आहे. जातीचंही तसंच. घरात तेलुगू बोलतात म्हटल्यावर मी काही पोरांपुढे ‘तेलुगू’ असंच लिहिलं. मी स्वतः पद्मशाली असून लिहिलं! तेव्हा वाटलंच नाही की या एका शब्दावर पुढे कुणाचं काही अडेल.

एक दिवस असाच एक जुना विद्यार्थी घरी आला. केस पिकलेले. म्हणाला, ‘सर, अक्षर तुमचंच आहे ना?’ त्याने झेरॉक्स पुढे ठेवली. अक्षर माझंच. त्याच्या मुलाचं प्रकरण त्या एका शब्दावर अडलं होतं. मी म्हटलं, मी लिहून देतो की ही माझी चूक आहे. मी लिहून दिलंही. पण तेव्हाच्या रजिस्टरमधल्या एका शब्दापुढे आजचं माझं पानभर पत्र कमी पडलं. त्याने पुढे दुसरा कागद शोधला आणि काम झालं, पण मधलं एक वर्ष मुलाचं गेलं. तो मला काही बोलला नाही. चहा घेऊन गेला.

त्या दिवसापासून मी जुन्या नोंदीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. नोंद हातात आली की आधी विचारतो, ही कुणी लिहिली, कुणाच्या तोंडून ऐकून लिहिली, आणि त्याला त्यातून काय हवं होतं? शाळामास्तराला पटसंख्या हवी होती. तलाठ्याला सारा हवा होता. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठेवायचा, कारण साथ आली तर वर कळवायचं असे. आपल्या नातीच्या प्रवेशाचा विचार करून त्यांच्यापैकी कुणीही लिहिलेलं नाही.

याचं सगळ्यांत कडू उदाहरण आमच्याच शहरात आहे. इथे ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये एक कायदा केला आणि पुढे १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी पक्का केला. त्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी घेतली, बोटांचे ठसे घेतले. त्यांतली कितीतरी माणसं इथल्या गिरण्यांत राबली. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले. माझ्या वर्गात त्या वस्तीतली मुलं असत. पुढे जेव्हा जुने पुरावे शोधायची वेळ आली तेव्हा गंमत अशी, म्हणजे गंमत म्हणवत नाही, की आम्हा ‘सभ्य’ विणकरांच्या आजोबांचा पत्ता नाही, आणि ज्यांच्यावर पहारा होता त्यांच्या आजोबांचं नाव, बापाचं नाव, बोटाचा ठसासुद्धा सरकारने घेऊन ठेवलेला.

शिरगणतीचं तुम्ही विचाराल. इंग्रजांनी १७ फेब्रुवारी १८८१ ला सगळ्या हिंदुस्थानची एकाच वेळी शिरगणती केली. त्यात आमचे पणजोबा मोजले गेले असणारच. पण विलायतेत जशी घराघरांची पत्रकं जपून ठेवतात आणि शंभर वर्षांनी लोकांना बघू देतात, तसं आपल्याकडे झालं नाही. आपल्याकडे बेरजा राहिल्या, माणसं गेली. १८८४ साली सोलापूरचं गॅझेटिअर निघालं. त्यात विणकरांचे धंदे, राहणी, लुगडी-धोतरं सगळं आहे. पण ते जातीबद्दल बोलतं, घराबद्दल नाही. आपला पणजोबा त्यात शोधू नये.

माझ्या एका मराठा मित्राला मात्र फार सुंदर गोष्ट मिळाली. तो आईच्या अस्थी घेऊन नाशिकला गेला होता. तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि वही काढली. त्या वहीत त्याच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिलेलं होतं, बापाचं, भावांचं, मुलांचं आणि गावाचंसुद्धा. अक्षर वाकडंतिकडं, लिहायची सवय नसलेल्या माणसाचं. सरकारी नोंदीत आणि या वहीत हा मोठा फरक आहे. इथे माणूस स्वतः सांगतो आणि पुष्कळदा स्वतः लिहितो. त्र्यंबकेश्वराला, पंढरपुरालाही अशा वह्या आहेत. मित्र म्हणाला, आई गेल्याचं रडू मला तिथे आलं. तोवर आलं नव्हतं.

आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडच्या श्रोत्यांना हेळवी ठाऊक असतील. सुगी झाली की हेळवी दारात येतो आणि तुमच्या कुळाची नावं म्हणायला लागतो. कोण कुठून आला, कोणत्या भावाने गाव सोडलं, कुणाला मूल झालं नाही. धान्य द्यायचं, पैसे द्यायचे, नव्या जन्मलेल्या पोरांची नावं सांगायची. पूर्वी सगळं तोंडी, मग वह्या आल्या. हेळव्याच्या वहीतही मुलीसुना सहसा नसतात. पण ज्याचं पोट दुसऱ्याच्या वंशावर अवलंबून आहे तो वंश नीट लक्षात ठेवतो. सरकारी कारकुनापेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे, अर्थात तो घराण्याची थोरवी सांगायला लागेपर्यंत! थोरवीचे पैसे वेगळे असतात.

आमच्या तेलंगणातही अशी माणसं आहेत. कूनपुली नावाचे कथेकरी पद्मशाली वस्तीत येतात, कापडावर रंगवलेला लांबच लांब पट उलगडतात आणि मार्कंडेय पुराण सांगतात. चेरियालचे प्रसिद्ध चित्रपट ते हेच. मी एकदा तिकडे जाऊन आलो. आमच्या घराच्या नावात जे गाव आहे, त्या नावाची मला तीन गावं सापडली. तिन्ही ठिकाणी लोकांनी गोत्र विचारलं, जेवू घातलं, आणि सोलापूरला, भिवंडीला, सुरतला गेलेल्या कितीतरी घरांची नावं सांगितली. त्यात आमचं नव्हतं. सगळे जण निघून गेले की आठवण ठेवायला मागे कोण राहणार? मी परत आलो.

मग कागद मिळाला कुठे? तोही अव्वाच्याच एका शब्दातून मिळाला. आजोबा कसे गेले असं विचारलं की ती म्हणायची, ‘मानमोडीत.’ लहानपणी मला वाटे, मान मोडून पडले असतील, मागावरून किंवा जिन्यावरून. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जगभर पसरलेली ती साथ मुंबई इलाख्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत भयंकर होती. मराठी मुलखात लोकांनी तिला मानमोडी हे नाव दिलं. करोनाच्या वेळी, २०२० साली, हा शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत आला, तो वाचताना मला एकदम अव्वाचा आवाज आठवला. तेव्हा नायना तीन वर्षांचे आणि चिन्नायना अंगावर पिणारे. म्हणजे बघा, शोधायचं साल आणि महिने दोन्ही मिळाले. जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्यांत आजोबा शोधायचे तर फक्त तेवढीच पानं चाळायची.

चाळायची खरी, पण वाचायची कोणी? वही मोडी लिपीत. आमच्या घराच्या जवळच्या भागाचं नाव मोदी. मी चाळीस वर्षं मोदीच्या शेजारी राहतो आणि मला मोडी येत नाही, असा विनोद मी पूर्वी करत असे. त्या दिवशी तो अंगावर आला. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, हात न उचलता. शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नाही. मराठी नाव असेल तर वाचणारा अंदाजाने तोडतो. तेलुगू नाव मोडीत लिहिलं की कुठून घराचं नाव संपतं आणि कुठून माणसाचं सुरू होतं ते देवच जाणे.

पण हल्ली मोडीला दिवस आले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रभर जुनी दप्तरं उघडली. महसुलाची, शाळांची, जन्म-मृत्यूची, तुरुंगांचीसुद्धा. मराठवाड्यात तर निजामाच्या काळातले उर्दू कागद आणि फसली सन. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, शकात ७८ मिळवले की येतो, हे गणित गावोगावची पोरं करायला लागली. आरक्षणाच्या वादात मी इथे पडत नाही. पण आपला पणजोबा कोण हे बघायला एवढी माणसं एकाच वेळी निघाल्याचं मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोडी वाचणाऱ्यांकडे रांगा लागल्या. त्याच रेट्यात मोडी शिकलेली एक मुलगी आम्हाला भेटली. माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी.

ती त्या ओळीवर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ‘आजोबा, तुमचं घराचं नाव पुन्हा सांगा, पण तेलुगूत सांगतात तसं सांगा.’ मी सांगितलं. तिने बोट ठेवलं आणि नाव तोडून दाखवलं. ऑक्टोबर १९१८. वय तीस. धंदा विणकर. मरणाचं कारण ताप. जात, पद्मसाळी. शाळेत ‘तेलंग’ आणि इथे पद्मसाळी, कारण इथे खबर देणारा आमच्याच वाड्यातला शेजारी होता, त्याचं नाव पुढच्या रकान्यात होतं. कारकुनाने तो म्हणाला तसं लिहिलं. माझ्या आजोबांचा फोटो नाही, सही नाही. कागदावर त्यांच्या नावाची एवढी एकच ओळ, आणि तीही ते मेल्याची.

नात ते बघत होती. तिने विचारलं, ‘आणि अव्वाचं नाव?’ त्या ओळीत अव्वा नव्हती. पडताळणीला जोडायच्या वंशावळीतही तिला जागा नसते. ती बापाकडून बापाकडे जाते. धाता आणि मानमोडी हे दोन्ही शब्द बायकांनी सांभाळले, सासूने सुनेला आणि अव्वाने मला दिले, आणि त्यांच्यावरून जो कागद मिळाला त्यात त्या नाहीत. घरी आल्यावर नातीने वंशावळीची आणखी एक प्रत काढली आणि तिच्यात सगळ्यांच्या बायका लिहिल्या. अव्वाच्या सासूचं नाव कुणालाच आठवेना. तिथे तिने ‘चालत आलेली’ असं लिहून ठेवलं आहे.

श्रोत्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की घरात म्हातारं माणूस असेल तर त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. ‘१८७६ साली’ असं सुधारून लिहू नका, ‘धाताच्या करुवात’ असंच लिहा. मी लहानपणी वहीत लिहिलं असतं तर बहुधा ‘फार पूर्वी’ असं लिहिलं असतं, आणि सगळं संपलं असतं. जुन्या दाखल्याच्या मागचं पानही झेरॉक्स करा, शेरे तिथे असतात.

नातीचं काम झालं. वडिलांचं नाव उलटं का पडलं यावर मला एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं, पण झालं. ती आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला सगळे जमलो होतो, तेव्हा मी चिन्नायनांच्या मुलाला सगळं दाखवलं. पिढ्यांचा हिशोब, सासूचं वय, गिरणीचं साल, मृत्यूची ओळ. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘अण्णा, अव्वाची सासू तेव्हा आली असेल. पण तिचा सासरा आधी येऊन गेला नसेल कशावरून? धाता १८१६ लाही होतं, हे तूच सांगितलंस.’